गाडीच्या दाराचा पिन-बुश संच : काय सुधारतो आणि काय सुधारत नाही

वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या गाडीचे दार लावताना ते किंचित उचलून धरावे लागते, ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की बहुतेक मालक तो गाडीच्या वयाचाच भाग मानतात. या तक्रारीवर हमखास इलाज म्हणून विकली जाणारी वस्तू म्हणजे दाराच्या बिजागरीचा पिन-बुश संच. एका दारासाठी दोन पोलादी पिना, ब्राँझचे चार बुश (पिन ज्यांच्यात फिरते त्या छोट्या नळ्या), पिनेच्या टोकाला अडकवायच्या बारीक क्लिपा आणि घडी घातलेले सूचनापत्रक, एवढाच ऐवज त्या पाकिटात असतो. दोन दारांच्या, लांब आणि जड दार असलेल्या एका जुन्या गाडीवर हा संच बसवून आणि त्यानंतर ते दार पुरेसे वापरून मी हे परीक्षण लिहीत आहे. वस्तू म्हणून हा संच चांगला आहे. मात्र तो एकाच दुखण्यावर चालतो, आणि आपल्या दाराला तेच दुखणे आहे की दुसरे, हे ओळखण्याबद्दल सूचनापत्रकात अवाक्षर नाही. त्यामुळे या परीक्षणाचा बराचसा भाग निदानाविषयी आहे.

आधी दुखण्याचे मूळ पाहू. या पद्धतीच्या बिजागरीत एक पान गाडीच्या खांबाला आणि दुसरे दाराला जोडलेले असते. पिन एका पानात घट्ट रुतलेली असते आणि दुसऱ्या पानातल्या बुशांमध्ये फिरते. झिजायचे असते ते या बुशांनीच, कारण ते पिनेपेक्षा मऊ ठेवलेले असतात. दाराचे सगळे वजन बिजागऱ्यांपासून दूर, मागच्या बाजूला असल्यामुळे वरची बिजागरी सतत मागे ओढली जाते आणि खालची पुढे रेटली जाते. म्हणून वरच्या बिजागरीची झीज आधी जाणवते, आणि ती मागच्या कडेला वाढून दिसते. दोन बिजागऱ्यांमधले अंतर ३५ सेंटिमीटर आणि दाराची लांबी १०५ सेंटिमीटर धरली, तर वरच्या बिजागरीतल्या केवळ १ मिलिमीटर ढिलाईमुळे दाराची मागची कड ३ मिलिमीटर खाली येते. लांब दारांच्या दोन-दारी गाड्या या तक्रारीसाठी बदनाम आहेत त्या याच हिशेबामुळे. १९८२ ते १९९२ या काळातल्या शेव्हरोले कॅमारोसाठी असे संच कितीतरी वर्षे विकले जात आहेत, यात नवल नाही.

झुकलेले दार डोळ्यांनीही ओळखता येते. मागची कड खाली गेली की सगळे दार किंचित फिरते. पुढच्या मडगार्डाजवळची फट वर रुंद आणि खाली अरुंद होते, तर मागच्या कडेला नेमके उलटे घडते : वर फट मिटत येते आणि खाली उघडते. दाराच्या अंगावरून गेलेली पत्र्याची आडवी घडी मागच्या पत्र्यावरील घडीशी जुळत नाही, ती खालून निघते. फट सर्वत्र सारखी असून दार फक्त बाहेर आलेले किंवा आत दबलेले असेल, तर तो बिजागरीच्या झिजेचा प्रकार नव्हे आणि हा संच विकत घेऊन काहीही साधणार नाही. जुन्या गाड्यांच्या फटी नव्या गाड्यांइतक्या बारीक कधीच नव्हत्या, त्यामुळे फट किती मिलिमीटर आहे यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

खरी परीक्षा हाताने करायची असते. दार अर्धे उघडावे, मागच्या कडेला खालून एका हाताने धरून हळूहळू वर उचलावे आणि सोडावे, आणि दुसऱ्या हाताचे बोट बिजागरीच्या सांध्यावर ठेवावे. शक्य असल्यास उचलायला दुसरा माणूस घ्यावा, म्हणजे आपल्याला डोळे आणि बोट दोन्ही बिजागरीवर ठेवता येतात. येथे तीन गोष्टींपैकी एक घडते. पिन तिच्या भोकात हललेली बोटाला स्पष्ट कळली, तर बुश झिजले आहेत आणि हा संच त्याच कामासाठी आहे. पिन स्थिर राहून बिजागरीचे अख्खे पान खांबावर किंवा दारावर सरकले, तर बोल्ट ढिले आहेत. ते आवळून दार जागेवर आणणे एवढेच काम उरते. बिजागरी खांबासकट हलत असेल, रंगात बारीक तडा दिसत असेल किंवा आतून करकर ऐकू येत असेल, तर पत्रा फाटला किंवा गंजला आहे. तेथे नवी पिन घालणे म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय. असे काम वेल्डिंग करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे.

याच टप्प्यावर आणखी एक तपासणी करावी, विशेषतः गाडी टप नसलेली किंवा गंजाच्या प्रदेशात राहिलेली असेल तर. गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या फटीचे फोटो काढावेत, मग त्या बाजूला जॅक लावून गाडी उचलावी आणि त्याच फटी पुन्हा पाहाव्यात. फट डोळ्यांना कळेल इतकी बदलत असेल, किंवा उचललेल्या अवस्थेत दार उघडताना अडत असेल, तर दाराखालची उंबऱ्याची पेटी आतून कमकुवत झालेली आहे. सांगाडाच वाकत असेल, तर दार कितीही नीट बसवले तरी ते पुन्हा बिघडणार. याच कारणाने दाराची जुळणी नेहमी गाडी चाकांवर, सपाट जागी उभी असतानाच करावी. जॅकवर चढवलेल्या गाडीवर साधलेली जुळणी गाडी खाली उतरवताच बदलू शकते.

आता स्ट्रायकरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाड्यांच्या दारांची सर्वाधिक नासाडी तेथेच झालेली दिसते. स्ट्रायकर म्हणजे मागच्या खांबावरील ती लोखंडी कडी किंवा खुंटी, जिच्यावर दाराचे लॅच, म्हणजे खटका, अडकते. दार झुकले की लॅच स्ट्रायकरच्या खालच्या बाजूला आपटते, आणि घाईतला कारागीर दोन बोल्ट ढिले करून स्ट्रायकर खाली सरकवतो. दार पुन्हा लागू लागते आणि मालक खूश होतो. पण मूळ झीज तशीच राहते, दार आणखी झुकते, स्ट्रायकर आणखी खाली जातो, आणि एके दिवशी त्याला सरकायला जागाच उरत नाही. याच्या उलटा प्रकारही आढळतो. स्ट्रायकर वर ठेवून दार लावताना त्याने वर उचलले जावे अशी तजवीज केलेली असते. अशा गाडीत बंद दाराच्या फटी सुरेख दिसतात आणि दार उघडताच ते धप्पकन खाली बसते. म्हणून बंद दाराच्या फटींवर विश्वास ठेवू नये. स्ट्रायकरची मूळ जागा मार्करने आखून तो पूर्ण काढून टाकावा, आणि मग दार अलगद लावून पाहावे. तेव्हा दिसणारी फट हीच दाराची खरी अवस्था असते. संचाच्या पत्रकात ही एक ओळ असती, तरी बहुतेकांचे काम निम्म्याने सोपे झाले असते. स्ट्रायकर हटवलेला असताना दार कुलूपबंद होत नाही, तेव्हा या अवस्थेत गाडी हलवायची नाही, हे वेगळे सांगायला नको.

बसवण्याच्या कामात संचाचा दर्जा कळतो. जुनी पिन काढण्याआधी दाराच्या मागच्या भागाला आधार देणे आवश्यक आहे. जॅकवर लाकडी ठोकळा आणि त्यावर जाड कापडाची घडी हा आधार पुरतो, पण दार डोलू नये म्हणून एका माणसाने ते धरलेले असावे. दार जास्त उघडू न देणारा पट्टा आधी सोडवावा, आणि खांबातून दारात जाणाऱ्या तारांना ताण बसत नाही ना ते पाहावे. जिथे बिजागरीवर मोठी स्प्रिंग असते तिथे ती दाबून काढण्याचे अवजारच वापरावे. पेचकसाने उचकटलेली अशी स्प्रिंग चेहऱ्याच्या दिशेने उडते. पिना एकदम दोन्ही काढू नयेत. वरची बदलून झाली की मग खालची, या क्रमाने दार आपल्या जागेची आठवण धरून राहते आणि पुन्हा जुळवायला कमी सायास पडतात.

पिनेच्या डोक्याखाली दातेरी भाग असतो आणि तोच पानात रुतलेला असतो. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी मारून ठेवले, तर पिन खालून वर ठोकताना फारसा त्रास देत नाही. माझ्या हाती आलेली जुनी वरची पिन मध्यभागी एका बाजूने इतकी खाल्लेली होती की नखाला पायरी लागत होती. बुशाचा तर एका अंगाला कागदाइतका पातळ चंद्रकोरी तुकडा उरला होता. नवा बुश भोकात बोटाने अर्धवट शिरून थांबला, आणि ही घट्टपणाची योग्य खूण आहे. तो हातोड्याने ठोकून बसवण्याचा मोह टाळावा, कारण त्याची कॉलर, म्हणजे तोंडाची पसरट कड, वाकते किंवा चिरते. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन बुश सावकाश ओढून बसवला की तो सरळ जातो. संचातले चारही बुश असे नीट बसले, कॉलरची जाडी सारखी होती आणि नव्या पिनेला बुशात फिरताना कुठेही अडथळा नव्हता. या बाबतीत निर्मात्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

क्लिपांबाबत मात्र तसे म्हणता येणार नाही. त्या फार मऊ धातूच्या आहेत. पक्कडीने खाचेत ढकलताना एक फाकली ती पुन्हा मूळ आकारात आली नाही, आणि पाकिटात जादा क्लिप नसल्याने जुनीच साफ करून वापरावी लागली. इतक्या क्षुल्लक भागात काटकसर करण्याचे कारण समजत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पानातले भोकच लांबट झालेले असेल, तर या मापाचे बुश त्यात सैल राहतात. जाड बाहेरच्या मापाचे बुश वेगळे मिळतात, पण संचावर किंवा पत्रकावर त्याचा उल्लेख नाही. पिन काढून झाल्यावर, दार अधांतरी असताना हे कळणे त्रासदायक आहे. पिन बुशातून निसटून थेट पानावर घासत असेल, तर भोकांचा आकार बिघडलेला असण्याची शक्यता आधीच धरून चालावे. अशा वेळी संचाऐवजी अख्खी बिजागरी बदलणे श्रेयस्कर ठरते.

परिणाम समाधानकारक आहे. उचलून पाहिल्यावर दारात हालचाल उरलेली नाही, पत्र्याची घडी मागच्या घडीशी जुळली आहे आणि पुढची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी झाली आहे. त्यानंतर स्ट्रायकर परत लावला. तो बोटाने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतका आवळावा, दार हळूच लावून लॅचला त्याचे केंद्र शोधू द्यावे, मग जपून उघडून बोल्ट पक्के आवळावेत. दार लागताना वर किंवा खाली ढकलले जाता कामा नये, आणि लॅचचे दोन्ही टप्पे वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. पहिला टप्पा हा केवळ सुरक्षेसाठी असतो. दार त्याच्यावर अडकून राहत असेल तर काम संपलेले नाही.

चार दारांच्या गाडीत हे सर्व करायचे झाल्यास कामाचा क्रम मागून पुढे असावा. मागचा पत्रा सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. म्हणून त्याच्याशी मागचे दार, मागच्या दाराशी पुढचे दार आणि पुढच्या दाराशी बोल्टांवर बसलेले मडगार्ड, असे जुळवत यावे. पुढून सुरुवात केली की सगळी चूक मागे जमा होते आणि तिथे ती लपवायला जागा नसते. बोल्टच्या बिजागऱ्यांमध्ये पानाची कड आधी आखून घ्यावी आणि एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करावेत.

आता काचेकडे वळतो. संचाच्या वेष्टनावर ‘वाऱ्याचा आवाज आणि पाण्याची गळती थांबवतो’ असे छापलेले आहे. हा दावा अर्धाच खरा आहे. दार झुकल्यामुळे रबरापासून दूर गेलेली काच दार वर आल्यावर पुन्हा टेकते, इतके खरे. परंतु बऱ्याच जुन्या गाड्यांत कोणीतरी दार दुरुस्त करण्याऐवजी काचच वाकडी करून ठेवलेली असते, म्हणजे झुकलेल्या दारात मागचा कोपरा उंच करून ती टपाच्या रबराशी भिडवलेली असते. दार सरळ होताच तो कोपरा गरजेपेक्षा वर जातो. चौकट नसलेल्या काचेच्या गाडीत तर ही काच दार लावताना सरळ टपाच्या कडेवर आदळू शकते. म्हणून नवे बुश बसवल्यावर पहिल्यांदा दार लावताना काच पूर्ण खाली घेतलेली असावी, आणि मग ती थोडी थोडी वर आणत कुठे टेकते ते पाहावे. हा इशारा वेष्टनावर ठळक अक्षरांत असायला हवा होता.

चौकट नसलेल्या काचेची जुळणी दाराच्या आतले अस्तर काढून करावी लागते. काच किती वर जाईल हे वरचे थांबे ठरवतात. ती आतल्या बाजूला किती कलेल हे तिच्या रुळांच्या खालच्या टोकाला असलेले बोल्ट ठरवतात. खालचे टोक बाहेर सरकवले की काचेची वरची कड आत झुकते आणि रबरावर दाब वाढतो. काच रबराला हलकासा दाब देईल एवढेच पुरे. जास्त दाबाने रबर लवकर चेपते, आणि वेगात गाडीबाहेर ओढल्या जाणाऱ्या काचेला त्याचा फारसा आधारही मिळत नाही. चौकटीच्या काचेत प्रश्न वेगळा असतो. तेथे काच अडखळते किंवा वर जाताना एका बाजूला कलते, ती बहुधा चॅनलमधील, म्हणजे काच ज्या खोबणीतून सरकते तिच्यातील, मखमली अस्तर वाळून कडक झाल्यामुळे. काच वर-खाली करणारे मशीन म्हणजे रेग्युलेटर बदलण्याची घाई करण्याआधी काच अर्ध्यावर थांबवून ती दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून पाहावी. खूप हलली तर रुळ किंवा रोलर गेला आहे, आणि अजिबात न हलता घट्ट राहिली तर चॅनल दोषी आहे. तेथे सिलिकॉनचा फवारा मारावा. खनिज तेलाचे ग्रीस दारांच्या रबराला फुगवते आणि कालांतराने त्याची वाट लावते, म्हणून ते बिजागरीपुरतेच ठेवावे.

रबराची तपासणीही याच वेळी उरकून घ्यावी. कागदाची पट्टी ठेवून दार लावायचे आणि ती ओढायची, असे दाराच्या सगळ्या कडेने करत जायचे. जिथे पट्टी विनासायास निसटते तिथे रबर टेकतच नाही. खडूची पूड रबरावर फासून दार एकदा लावून उघडले, तर पत्र्यावर उमटलेली रेघ कुठे तुटते तेही दिसते. वाऱ्याच्या शिट्टीसाठी सगळ्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावून गाडी चालवावी, आवाज बंद झाला की एकेक तुकडा काढत जावे. ज्या तुकड्यानंतर शिट्टी परत येते तिथेच दोष. पाण्याची चाचणी कमी दाबाने, खालून वर करत न्यावी, नाहीतर वरून ओघळलेले पाणी खालच्या जागेवर आळ घेते. मात्र पायाखालचा गालिचा ओला असला म्हणून रबरच गळते असे समजू नये. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून दारात पाणी जाणे हे अपेक्षितच असते. ते खालच्या भोकांतून निघून जाते. ती भोके चिखलाने बुजली असतील किंवा अस्तरामागचा प्लास्टिकचा पडदा फाटला असेल, तर तेच पाणी आत येते. या दोन्हींशी बिजागरीचा काडीचाही संबंध नाही.

दार जड लागते म्हणून हा संच मागवणाऱ्यांनी एक साधी गोष्ट आधी करून पाहावी. दुसऱ्या बाजूची काच थोडी उघडावी आणि दार लावावे. लगेच हलके लागले, तर अडवणूक आतल्या कोंडलेल्या हवेची किंवा नव्याने बसवलेल्या ताठ रबराची आहे. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे दार काच किंचित उघडून लावण्याची मालकांची सवय याच कारणाने पडली होती. नवे रबर काही आठवड्यांत बसते, त्यासाठी बिजागरी खोलण्याची गरज नसते.

नायलॉनचे बुश असलेले संचही मिळतात. ते आवाज करत नाहीत आणि त्यांना तेल लागत नाही, हे मान्य. पण जड दाराखाली ते लवकर चेपतात, त्यामुळे लहान, हलक्या दारांसाठीच मी ते सुचवीन. ब्राँझच्या संचाला अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा लागतो, आणि तो द्यायला कोणी विसरला तर पिना पुन्हा झिजतील. ज्यांच्या बिजागऱ्या वेल्ड केलेल्या आहेत आणि पिना वरून ठोकून दाबलेल्या आहेत, त्यांनी पिन निघण्याजोगी आहे का हे आधी खात्री करून मगच मागणी नोंदवावी. एकच दार झुकलेले असेल तर दोन्ही बाजूंचा संच घेण्याचे कारण नाही. चालकाचे दार सर्वाधिक उघडते, आणि पलीकडच्या दाराची हाताने घेतलेली परीक्षा अनेकदा निर्दोष निघते.